ओटीपी पुण्याला

"ओटीपी गेलाय, सिस्टर," बँकेच्या काचेपलीकडून मुजावर मॅडम म्हणाल्या. "बघा मोबाइलवर."

मी पर्समधून मोबाइल काढून पाहिला. काहीच नव्हतं.

"आला नाही."

"गेलाय तर खरं." त्यांनी चष्मा वर सरकवत स्क्रीनकडे पाहिलं. "शेवटचे आकडे पाच-दोन ना तुमच्या नंबरचे?"

"माझे नाहीत. विनीतचे आहेत, माझ्या मुलाचे. तो पुण्याला असतो."

"मग ओटीपी पुण्याला गेला."

रांगेत माझ्यामागे उभा असलेला एक गृहस्थ फिस्सकन हसला. एरवी मीही हसले असते. त्या दिवशी नाही हसले. खातं माझं, पेन्शन माझी. सगळा जन्म सरकारी दवाखान्याच्या लेबर रूममध्ये उभं राहून मिळवलेली. आणि तिला हात लावायची परवानगी पुण्याला!

"मला नंबर बदलायचाय," मी म्हणाले. "माझा घालायचाय."

मुजावर मॅडमनी आवाज थोडा खाली आणला. "मुलाला विचारलंत?"

"त्यानं माझा नंबर काढून स्वतःचा घातला, तेव्हा तुम्ही मला विचारलं होतंत?"

"सिस्टर, तेव्हाच्या अर्जावर सही तुमचीच होती."

"होती ना. आजही माझीच असेल. आणा अर्ज."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग उठल्या, काउंटरचं दार उघडलं आणि म्हणाल्या, "आत या. बसून बोलू."

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा मी मिरजेत राहत होते, वय बासष्ट. माझे मिस्टर सुधाकरराव जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात मी एकटीच. विनीत पुण्यात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, सून स्नेहल शाळेत शिक्षिका, त्यांची एक मुलगी.

बँकेपर्यंत गोष्ट आली ती एका सँडलच्या जोडामुळे. माझे गुडघे दुखायचे. मोबाइलवर जाहिरात दिसली, मऊ तळव्याचे सँडल, निम्म्या किमतीत. मी कार्डाचा नंबर, मागचे आकडे, जे जे मागितलं ते ते त्या साइटवर भरलं. सँडल आलेच नाहीत. पुढच्या आठवड्यात दुपारी मेथी निवडत बसले होते, तर मोबाइल वाजायला लागला. एक मेसेज, दुसरा, तिसरा. कुठल्याशा परदेशी दुकानांत मी म्हणे खरेदी करत होते! हातातली मेथी हातातच राहिली. कुणाला फोन करायचा तेसुद्धा सुचेना. विनीतला केला.

तो दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी घेऊन आला. रागावला नाही, हे सांगायला हवं. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मम्मी, माणसं आहेत, फसतात. आता हे सगळं मी बघतो. तू डोक्याला त्रासच करून घेऊ नकोस." पोलिसात तक्रार केली, बँकेत भांडला. काही पैसे परत मिळाले, बरेचसे नाही मिळाले. मग त्यानं खात्याला स्वतःचा नंबर लावला आणि नवं कार्ड आलं ते स्वतःच्या पाकिटात ठेवलं. तो जिथं बोट ठेवेल तिथं मी सही केली. खरं सांगते, तेव्हा मला बरंच वाटलं. कुणीतरी आहे आपल्या मागे, असं.

महिन्यातून एकदा यायचा आणि घरखर्चाचं पाकीट हातात द्यायचा. रविवारी उपासना सुटली की चर्चच्या आवारात बायका म्हणायच्या, "मार्था, नशीब काढलंस. असा मुलगा मिळायला पुण्य लागतं." मी मान हलवायचे.

मग हळूहळू एकेक गोष्ट टोचायला लागली. चष्म्याची काच बदलायची होती. "कशाला, मम्मी? मागच्या वर्षीच केला ना?" शेजारच्या मुलीच्या लग्नात साडी द्यायची होती. "एवढी भारी कशाला? ते आपल्याला काय देणारेत?" मोबाइलचं रिचार्जसुद्धा तोच करायचा. ते संपलं, की संपलंय हे सांगायला शेजारच्या घरी जाऊन त्याला फोन लावायचा. शेजारीण पलीकडे कुकर लावत असायची आणि मी, जिच्या एका हाकेला अख्खा वॉर्ड उठून उभा राहायचा ती, पदर सावरत म्हणायची, "विनू, जमलं तर रिचार्ज कर हं."

तशात आरेनलाचा फोन आला.

आरेनला नागालँडची. नर्सिंगच्या शिक्षणाला मिरजेत आली आणि होस्टेलात माझ्या खोलीत पडली. आली तेव्हा तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. गेली तेव्हा ठेचा-भाकरी खाता खाता वॉर्डबॉयला अस्सल मिरजेच्या शिव्या घालायची. पुढं ती गावी परतली आणि निवृत्तीनंतर दिमापूरपासून लांब, डोंगरातल्या आपल्या गावात तिनं एक छोटं प्रसूतिगृह काढलं होतं.

"मार्था," ती फोनवर म्हणाली, "माझे हात कापतात गं आता. डॉक्टर म्हणतात, वाढत जाणार. इथं सहा पोरी आहेत शिकायला, हुशार आहेत. पण बाळंतपण तोंडानं शिकवता येत नाही. हात लागतात. तुझे हात अजून नीट आहेत ना?"

मी हात समोर धरून पाहिले. "आहेत."

"मग ये."

"किती दिवस?"

"त्या शिकेपर्यंत."

मी त्याच संध्याकाळी विनीतला सांगितलं. तो हसला. "मम्मी, काहीतरीच काय! तुझे गुडघे, तो डोंगर, तिथली थंडी. मे महिन्यात आपण सगळे गोव्याला जाऊ. समुद्र बघ, आराम कर."

"मला समुद्र नाही बघायचा. माझ्या खात्यातून तिकीट काढ."

"नाही काढणार."

"विनू, पैसे माझे आहेत."

"आहेतच ना. म्हणूनच सांभाळतोय." मग तो अगदी प्रेमानं, लहान मुलाची समजूत घालावी तसं म्हणाला, "हे बघ, मी तिकीट काढणार नाही आणि तुला काढता येणार नाही. विषय संपला. जेवलीस का?"

मी म्हणाले, "जेवले." जेवले नव्हते. दुसऱ्या दिवशी बँक उघडली तेव्हा मी दारात उभी होते, नवं कार्ड मागायला.

मुजावर मॅडमनी अर्ज भरून घेतला, सही ताडून पाहिली, आधारकार्ड पाहिलं. नंबर बदलायला एखादा दिवस लागेल म्हणाल्या. मग हाताची घडी घालून विचारलं, "सिस्टर, स्पष्ट विचारू? घाई कसली आहे?"

मी सगळं सांगितलं. सँडल, पाकीट, आरेनला. त्यांनी मधे एकदाही तोंड घातलं नाही.

"कार्ड नवं देते तुम्हाला," त्या म्हणाल्या. "पण तिकीट काढताना ते कुठल्या साइटवर घालू नका."

"मग काय घालू?"

"आपल्या नेट बँकिंगमध्ये व्हर्च्युअल कार्ड म्हणून सोय आहे. ते हातात येत नाही, नुसता नंबर असतो. तुमचा तुम्ही घरबसल्या बनवायचा. तिकिटाला लागतील तेवढेच पैसे त्यावर टाकायचे. एकदा पैसे भरले की तो नंबर मेला. पुढं कुणी चोरला तरी त्याला त्यातून छदाम मिळत नाही. आणि तुमच्या खऱ्या कार्डाचा नंबर त्या साइटला कळतच नाही."

"डिस्पोजेबल," मी म्हणाले.

"काय?"

"सुई हो. आम्ही सुरुवातीला काचेच्या सिरिंज उकळून उकळून वापरायचो. मग टाकून द्यायच्या आल्या. एक पेशंट, एक सुई."

"अगदी तसंच," त्या हसल्या. "आणि ओटीपी कुणाला सांगायचा नाही. बँकेतून बोलतोय म्हणाला तरी नाही. मलासुद्धा नाही."

"विनीतला?"

"कुणाला नाही म्हणजे कुणालाच नाही, सिस्टर."

मी उठता उठता थांबले. "मॅडम, ही सोय आधीपासून होती?"

"होती की."

"मग माझे पैसे गेले तेव्हा कुणी बोललं कसं नाही?"

मुजावर मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "तुमच्या मुलानं विचारलं, आईचं कार्ड बंद कसं करायचं. ते आम्ही सांगितलं. आईनं कार्ड वापरायचं कसं, हे त्यांनी विचारलं नाही. आणि तुम्ही तर काहीच विचारलं नाहीत. नुसत्या बसून होतात."

खरं होतं ते. त्या दिवशी त्याच खुर्चीवर बसून मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

नंबर बदलला तशी मी जेवणाच्या टेबलावर मोबाइल घेऊन बसले. पासवर्ड चुकला, पुन्हा केला. पहिल्यांदा कार्ड बनवलं त्यात रक्कम कमी टाकली; तिकीट निघेना. ते कार्ड रद्द केलं, पैसे खात्यात परत आले. एका अनोळखी साइटवर तिकीट पाच-सहाशेनं स्वस्त होतं. मी मुजावर मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "ही साइट मला माहीत नाही हो. ओळखीच्या ठिकाणाहून काढलेलं बरं." मी म्हटलं, "तुमचं कार्ड एका वेळचं आहे ना? मग भिते कोण!" पुण्याहून कोलकाता, तिथून दिमापूर. ओटीपी आला तो माझ्या हातातल्या मोबाइलवर. मी आकडे दाबले. तिकीट आलं. तरी विमान कंपनीला फोन करून ते खरं असल्याची खात्री करून घेतली आणि मग स्वतःसाठी चहा टाकला.

नंबर बदलल्याची सूचना जुन्या नंबरावर जाते, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी केलंच असतं.

विनीत आला तो बूट न काढता सरळ आत. त्याला वाटलं होतं, पुन्हा कुणीतरी मला गंडवलंय.

"मम्मी, कुणाचा फोन आला होता? कुणाला काय सांगितलंस? खरं सांग, मी रागावणार नाही."

"कुणाचा नाही. नंबर मी बदलला."

"तू?" तो खुर्चीत बसला. "का?"

"मला लागत होता."

मी छापून आणलेलं तिकीट त्याच्यापुढे धरलं. त्यानं वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "ही कुठली साइट? या लोकांना कार्डाचा नंबर दिलास? ब्लॉक कर. आत्ताच्या आत्ता ब्लॉक कर!"

"ब्लॉक करायला ते उरलंय कुठं?" मी त्याला व्हर्च्युअल कार्डाचं सांगितलं. माझं सांगून होण्याआधीच तो म्हणाला, "मला माहितीये ते. मी स्वतः वापरतो."

काय बोलून गेलो, हे त्याला कळलं असावं.

"तू वापरतोस," मी म्हणाले. "आणि मला पाकीट देतोस."

"तुला जमलं नसतं म्हणून, मम्मी. तुझ्या काळजीपोटी केलं सगळं. पुन्हा फसलीस तर?"

"फसले तर माझी मी फसेन."

"असं कसं बोलतेस? त्या चोरांनी तुला..."

"चोरांनी पैसे नेले, विनू. एका दुपारी आले आणि गेले. तू माझं खातं नेलंस."

तो ताडकन उठला. "म्हणजे मी चोर? बाबा असते तर असं बोलू दिलं असतं त्यांनी तुला?"

हे वाक्य आजवर कुणी माझ्यासमोर बोललं नव्हतं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे इतकं तयार असेल, हे मलाही माहीत नव्हतं.

"नसतं बोलू दिलं," मी म्हणाले. "तुला आठवत नसेल. माझा पगार झाला की दवाखान्याच्या गेटावर तुझे बाबा उभे असायचे. मी त्यांच्या हातात द्यायचे आणि रिक्षाचे पैसे मागून घ्यायचे. मी निवृत्त झाले त्या दिवशीसुद्धा. ते गेल्यावर दोन वर्षं, विनू, फक्त दोन वर्षं माझे पैसे माझ्याकडे होते. मग तू आलास. बाबांसारखाच प्रेमानं बोलत."

तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मग त्यानं तिकीट पुन्हा हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं.

"परतीचं कुठंय?"

"काढलं नाही."

"म्हणजे?"

"तिथलं काम होईल तेव्हा काढेन. माझं मी."

"निदान माझा नंबर दुसरा म्हणून तरी राहू दे बँकेत. इमर्जन्सीला."

"नाही."

मी भात लावला होता. तो न जेवता गेला.

पुण्याच्या विमानतळावर तो आला नाही. स्नेहल आली होती, एकटीच, शाळेतून तशीच. हातात डबा. थालीपीठं आणि दही, माझ्या आवडीची. आम्ही दोघी दाराबाहेरच्या कठड्याला टेकून उभ्या राहिलो. ती इकडचं तिकडचं बोलत राहिली. मुलीची परीक्षा, थंडीचे कपडे घेतलेत का. मी आत जायला निघाले तशी तिनं माझी बॅग धरली.

"मम्मी, ते कार्ड बनवायला काय काय लागतं?"

"तुला कशाला? विनीतला येतं की."

"त्यांना येतं." ती बॅगच्या बंदाकडे बघत होती. "माझा पगार जमा होतो ना, त्या खात्यालाही त्यांचाच नंबर आहे. लग्नापासून."

इतकी वर्षं ती माझ्या घरात सून म्हणून वावरत होती. मी तिला मुरंबा शिकवला, बाळाची मालिश शिकवली. आणि हे मला कधी दिसलं नव्हतं, कारण माझ्या घरात ते असंच असायचं, पाण्याच्या माठासारखं कोपऱ्यात.

"आधी नंबर बदलायचा," मी म्हणाले. "शाखेत जाऊन, आधारकार्ड घेऊन. ते म्हणतील, नवऱ्याला विचारलंत का. आवाज चढवायचा नाही. अर्ज द्या म्हणायचं, आणि मिळेपर्यंत उठायचं नाही."

"भांडणं होतील."

"होतील. माझं झालंच आहे. उभी आहे ना मी?"

तिनं डोळे पुसले आणि हसली. आत जाणाऱ्यांच्या रांगेतून मी वळून पाहिलं, तर ती मोबाइलमध्ये काहीतरी बघत चालली होती, झपाझप.

कोलकात्याला दुसऱ्या विमानाची वाट बघत बसले होते तेव्हा माझा मोबाइल वाजला. बँकेचा मेसेज. परदेशातल्या कुठल्याशा दुकानात माझ्या कार्डावर मोठ्या रकमेची खरेदी करण्याचा प्रयत्न झाला होता. मेथीची ती दुपार जशीच्या तशी अंगावर आली. बोट विनीतच्या नावापर्यंत गेलंसुद्धा.

मग मी मेसेज पुरता वाचला. व्यवहार नाकारला, असं लिहिलं होतं. नंबर त्या तिकिटाच्या कार्डाचाच होता. त्या साइटवरून तो कुणाच्या तरी हाती लागला होता. लागू दे! त्यात काही नव्हतं. मी खातं उघडून पाहिलं, पैसा न् पैसा जागेवर. मोबाइल पर्समध्ये टाकला, डबा उघडला आणि थालीपीठ खाल्लं. विनीतला फोन केला नाही. मुजावर मॅडमना मात्र केला, त्या साइटची तक्रार कुठं करायची ते विचारायला.

डोंगरात पोचले तेव्हा आरेनला काठी टेकत रस्त्यापर्यंत आली होती. मला बघून तिनं एक अस्सल मिरजेची शिवी दिली आणि रडायला लागली.

पोरींना शिकायला तीन महिने पुरतील असं मला वाटलं होतं. पुरले नाहीत. एक बाळंतपण दुसऱ्यासारखं नसतं, आणि सहाच्या अकरा पोरी झाल्या. मिरजेचं घर मी भाड्यानं दिलं, करारावर सही करून, भाडं माझ्या खात्यात. प्रसूतिगृहाचं सामान, हातमोजे, बाळाचं वजन करायचा काटा, सगळं मीच मागवायचे, दर वेळी नवा नंबर बनवून. आरेनला शेजारी बसून बघायची आणि म्हणायची, "मार्था, तू आता बँकेत लाग."

विनीत आठ महिने माझ्याशी बोलला नाही. स्नेहल बोलायची. तिच्या घरी भांडणं झाली, मोठी झाली. एकदा ती मुलीला घेऊन चार दिवस माहेरी जाऊन राहिली. पण नंबर तिनं बदलला आणि तो पुन्हा दिला नाही.

दुसऱ्या वर्षीच्या नाताळला तिघंही आले. विनीत बारीक झाला होता. प्रसूतिगृहाच्या ओट्यावर बसून तो पोरींची ये-जा बघत राहायचा. एका सकाळी आत बाळ रडलं आणि मी हात पुसत बाहेर आले, तर तो उठून उभा राहिला, मोठ्या माणसासमोर उभं राहावं तसा. बोललो मात्र आम्ही फारसं नाही. त्यानं माफी मागितली नाही. मीही मागितली नाही.

निघायच्या दिवशी त्यांना सोडायला मी जीपनं दिमापूरला गेले. सामान उतरवल्यावर त्यानं खिशातून पाकीट काढलं, नोटांचं. "राहू दे अडीनडीला."

"अडीनडीला माझं आहे."

त्यानं ते परत खिशात ठेवलं. मग बुटाच्या टोकानं जमीन उकरत म्हणाला, "मम्मी, बाबांना तू हे कधीच का बोलली नाहीस?"

"ते ऐकून घेणारे नव्हते. तू घेशील असं वाटलं."

स्नेहलनं हाक मारली, तो दोन पावलं गेला आणि वळला.

"परत कधी येशील?"

असं त्यानं मला पहिल्यांदाच विचारलं होतं.

"अजून ठरवलं नाही," मी म्हणाले, आणि जीपमध्ये जाऊन बसले. वर डोंगरात एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या.